सैल सोडा, सडिल बिड्री

बेळगावातल्या माझ्या उपचारकक्षात दिवसभरात माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा बाहेर पडणारे शब्द म्हणजे 'सैल सोडा'. रुग्ण खानापूर, निपाणी किंवा उचगावकडचा असेल तर हे मराठीत सांगायचे, आणि बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडचा असेल तर 'सडिल बिड्री' असे कन्नडमध्ये. फिजिओथेरपीचे काम करताना इतक्या वर्षांत दोन्ही भाषांत एकच गोष्ट पाहत आलो आहे. 'हात उचला', 'गुडघा वाकवा', 'जोर लावा' असे सांगितले की रुग्ण ते करतो, निदान करू पाहतो. 'सैल सोडा' म्हटले की मात्र तो क्षणभर थांबतो, माझ्याकडे पाहतो, श्वास रोखून धरतो आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा अधिक ताठ होतो. जोर कसा लावायचा हे माणसाला उपजत कळते, सोडायचे कसे हे मात्र त्याला शिकावे लागते, आणि शिकवणाऱ्यालाही ते शब्दांत सांगणे अवघड जाते.

शरीररचना शिकताना आम्ही प्रत्येक स्नायू पाठ केला होता: तो कोणत्या हाडावर सुरू होतो, कोणत्या हाडाला चिकटतो, त्याला कोणता मज्जातंतू येतो आणि तो आखडला की काय हलते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी आखडण्याविषयीच असायचे. प्रत्यक्षात आपल्या सहाशेहून अधिक स्नायूंपैकी एक आखडत असतो तेव्हा त्याच्या समोरच्या बाजूच्या स्नायूला नेमके त्याच वेळी आणि नेमके तेवढेच सैल व्हावे लागते. माझे मत असे झाले आहे की हालचालीची अर्धी यंत्रणा या सोडण्यासाठीच उभी आहे, आणि त्या अर्ध्या भागाकडे शिकवणारे, शिकणारे आणि रुग्णाच्या घरचे असे सगळेच फार कमी लक्ष देतात.

हे मला पहिल्यांदा कोणत्याही वर्गात कळले नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तालीम होती आणि माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळी भावंडे तात्या म्हणतो, तिथे वस्ताद होते. पहाटे हौद्यातली लाल माती फावड्याने उकरून भुसभुशीत करायची, मग जोर, मग बैठका, आणि अंगात ऊब आली की लढत. मी नववीत असताना तात्यांनी माझा हात धरला, थोडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "अंग सोड रे पोरा. लाकूड झालास. लाकूड मोडतं." मी आणखी ताठ झालो. त्यांनी मग गावातल्या एका मुरलेल्या पैलवानाला बोलावले आणि त्याचा हात माझ्या मानेवर ठेवायला लावला. तो हात माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट होता. झोपलेल्या मुलाचा हात असावा तसा तो माझ्या मानेवर नुसता पडून होता, त्यात ताण असा काही जाणवतच नव्हता, आणि पुढच्या क्षणी मी मातीत होतो. नवख्याचा हात जड लागतो आणि तयार पैलवानाचा हलका लागतो, असे तात्या सांगायचे. त्यामागचे कारण मला पुढे वाचून कळले. नवी हालचाल शिकणारा माणूस सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतो, म्हणजे त्याचे दोन स्नायू एकमेकांशीच कुस्ती खेळत असतात. सरावाने हे दुहेरी आवळणे कमी होत जाते. लिहायला शिकणारे मूल पेन्सिल इतकी घट्ट धरते की बोटांची पेरे पांढरी पडतात, तीही हीच गोष्ट.

सोडणे म्हणजे काही न करणे, असा आपला समज असतो. स्नायूच्या आत डोकावले की तो टिकत नाही. स्नायूचा प्रत्येक तंतू ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या बारीक धाग्यांनी भरलेला असतो, आणि स्नायू आखूड होतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांमधून सरकतात. 1954 साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे मांडले. एका जोडीत अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ निडरगेर्क होते, दुसऱ्या जोडीत ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सले एकमेकांचे नातलग नव्हते. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, स्नायूतंतूच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, आणि मायोसिनची इवली टोके ॲक्टिनचा धागा पकडून ओढू लागतात. विहिरीतून पोहरा हाताने ओढताना आपण जे करतो तेच इथे चालते. एका हाताने दोर धरून ठेवायचा, दुसऱ्याने सोडायचा आणि पुढचा पकडायचा. हात सुटलाच नाही तर दोर पुढे सरकणार नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की मायोसिनचे टोक ॲक्टिनपासून सुटावे म्हणून एटीपी या रेणूने तिथे येऊन बसावे लागते. ज्या एटीपीला आपण शरीराचे इंधन म्हणतो, ते आधी पकड सोडवण्याच्या कामी येते आणि मग पुढच्या ओढीसाठी टोक सज्ज करते. मोकळे झालेले कॅल्शियम परत कोठारात भरण्यासाठीही एटीपीच लागतो. म्हणून सैल होण्याची किंमत शरीर दोनदा मोजते. हे ज्याला खोटे वाटेल त्याने मृत्यूनंतर काय होते ते आठवावे. माणूस गेल्यावर घरातली जाणती माणसे लगोलग डोळे मिटतात, हनुवटी बांधतात आणि पायाचे अंगठे जुळवून ठेवतात, कारण काही तासांत देह ताठणार आहे हे त्यांना ठाऊक असते. एटीपी संपलेला असतो, मायोसिनची पकड जिथल्या तिथे अडकते आणि ती सोडवायला काहीच उरत नाही. पुढे प्रथिनेच विरघळू लागतात तेव्हा तो ताठरपणा ओसरतो.

एकट्या स्नायूपुरते हे झाले. कोणत्या स्नायूने कधी सोडायचे हे मात्र स्नायू ठरवत नाही, आणि पुष्कळ वेळा मेंदूही ठरवत नाही. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीवर, रबरी हातोडीने हलकी टिचकी मारली की पाय झटकन पुढे उडतो. हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. टिचकीमुळे मांडीच्या पुढच्या बाजूचा चार डोक्यांचा मोठा स्नायू किंचित ताणला जातो, त्याच्या आत दडलेले ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक ही बातमी मज्जारज्जूकडे पाठवतात, आणि तिथल्या चेतापेशी 20 ते 30 मिलिसेकंदांत त्याच स्नायूला आखडण्याचा हुकूम देतात. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. पण त्याच बातमीचा दुसरा फाटा मज्जारज्जूतच एका छोट्या मधल्या पेशीकडे जातो, आणि ही पेशी मांडीच्या मागच्या स्नायूंच्या चेतापेशींना गप्प बसवते. हे घडले नाही तर पुढचा स्नायू पाय उचलू पाहील, मागचा तो अडवून धरेल आणि पाय जागेवरच थरथरेल. चार्ल्स शेरिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही जोडव्यवस्था चिकाटीने उलगडत नेली, आणि त्यांना 1932 चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्याबरोबर विभागून मिळाले. त्यांचे शिष्य जॉन एक्लिस यांनी पुढे चेतापेशीच्या आत सूक्ष्म विद्युतअग्र घालून हे गप्प बसवणे प्रत्यक्ष मोजले. त्यांना 1963 मध्ये नोबेल मिळाले, आणि त्या वर्षीच्या मानकऱ्यांत वर आलेले अँड्र्यू हक्सलेही होते.

गप्प बसवणारी ही पेशी ग्लायसिन नावाचे साधे रसायन सोडते. ते अडले तर काय होते हे दाखवणारे झाड आमच्या तालुक्यातच उभे आहे. खानापूरच्या जंगलात काजऱ्याची झाडे आहेत, आणि गुरे राखणाऱ्या मुलांना लहानपणीच त्यांची फळे दाखवून ठेवतात. नारिंगी, लहान संत्र्याएवढे, दिसायला मोहक फळ आणि आत बटणासारख्या चपट्या, जहाल विषारी बिया. औषधी दुकानात त्यांना कुचला म्हणतात. या बियांतले स्ट्रिक्निन ग्लायसिनची जागा अडवून बसते. त्यामुळे मज्जारज्जूतला लगामच सुटतो, आणि साधा आवाज किंवा स्पर्श झाला तरी अंगातले सगळे स्नायू एकदम आवळले जातात. रोगी शुद्धीवर असतो, त्याच्या स्नायूंत ताकद पुरेपूर असते, कदाचित नको इतकी असते, आणि तरीही त्याला साधा श्वास घेता येत नाही, कारण श्वासाचे स्नायू सुटतच नाहीत.

धनुर्वाताचे तसेच आहे. मातीत आणि शेणखतात राहणारा जंतू खोल जखमेतून आत जातो, त्याचे विष मज्जातंतूच्या आतून वर सरकत मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि गप्प बसवणाऱ्या पेशींमधून ग्लायसिन व त्याचे भावंड असलेले गाबा बाहेर पडूच देत नाही. मग समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि ज्या बाजूचा स्नायू बलवान ती बाजू जिंकते. जबडा मिटणारे स्नायू तो उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी बळकट, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट, म्हणून अंग मागे धनुष्यासारखे वाकते. धनुर्वात या शब्दातच ही सगळी शरीररचना भरलेली आहे, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतले धनुस्तंभ हे नावही तेच चित्र उभे करते. ज्यांनी हे नाव दिले त्यांनी रोगी किती बारकाईने पाहिला असेल, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. तालमीत खरचटले तरी तात्या पोरांना धनुर्वाताच्या सुईसाठी सरकारी दवाखान्यात पिटाळायचे, आणि त्यांचे बरोबर होते.

मेंदूच्या पातळीवरही हेच सूत्र दिसते. मेंदूच्या तळाशी असलेली काही केंद्रके हालचालींवर कायम ब्रेक दाबून बसलेली असतात. हवी ती हालचाल होते ती तिच्यापुरता ब्रेक उचलला जातो म्हणून, आणि बाकीच्यांवर तो तसाच राहतो. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात आणि ब्रेक उचलणे अवघड होऊन बसते. रोग्याच्या अंगात ताकद असते, पण दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळतात.

कुस्तीत तर दुसऱ्याच्या मज्जारज्जूवर डाव टाकता येतो. खडाखडीत, म्हणजे डावाआधी एकमेकांचा अंदाज घेताना, प्रतिस्पर्ध्याला छातीवर धक्का दिला की त्याचे स्नायू ताणले जातात, आणि 50 ते 100 मिलिसेकंदांत ते आपोआप उलट जोर लावतात. ठरवून काही करायला माणसाला साधारण 150 ते 200 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा उलट जोर त्याच्या मनात विचार येण्याआधीच लागून गेलेला असतो. जाणकार पैलवान धक्का देतो तो नेमका या परतीच्या जोरासाठी. तो जोर आला की तो स्वतः सैल होतो, समोरच्याला आपल्याकडे येऊ देतो आणि त्याच्याच वेगावर डाव टाकतो. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरले की मी आजही खांद्यांकडे आणि मनगटांकडे पाहत बसतो. शेजारची माणसे शिट्ट्या मारत असतात, पण मला डाव बसण्याआधीचा तो एक क्षण पाहायचा असतो, जेव्हा एकाचा खांदा किंचित खाली येतो.

सोडणे नेहमी चांगलेच असते असा याचा अर्थ नाही, आणि याचे उदाहरणही मला घरच्याच शेतात मिळाले. पावसाळ्यात खानापूरच्या खाचरांत रोपांची लावणी सुरू होते, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्या बायकांची संख्या वाढते. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात खोवायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचे, असे तासन् तास. उभ्या माणसाने पुढे वाकायला सुरुवात केली की कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू धड पडू नये म्हणून ते पेलून धरतात. मात्र कमरेतून पूर्ण वाकले की हे स्नायू जवळजवळ गप्प होतात, त्यांच्यातली विद्युत हालचाल यंत्रावर दिसेनाशी होते, आणि सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि गाद्यांवर येतो. त्या स्थितीत विश्रांती मिळाल्यासारखी वाटते, म्हणून ती तासन् तास राहवते. अस्थिबंध मात्र ओल्या दोरीसारखे हळूहळू लांबत जातात, आणि उभे राहिल्यावरही काही काळ ते सैलच राहतात. त्याच वेळी कोणी बांधावरची रोपांची जड पाटी झटक्यात उचलली तर कंबर धरते. मी बायकांना एवढेच सांगतो: दर थोड्या वेळाने उभे राहा, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे वाका, आणि लावणीतून उठल्या उठल्या पाटी उचलू नका, चार पावले चाला आणि मग उचला. एक मावशी म्हणाल्या, "उभं राहिलं की मालकीण बघती." त्यांच्या या वाक्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. पुढच्या वर्षीपासून गावात कोणाकडे लावणी असली की मी मालकिणीलाच आधी हे समजावून सांगतो.

आता तात्यांकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारे गेले. आमच्याकडे पक्षाघाताला असेच म्हणतात. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, आणि घरच्यांनी आधी तेल, मग पारव्याचे रक्त, मग शेजारच्या गावचा जाणकार असे करत संध्याकाळ केली. रक्ताची गाठ अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यायचे असते, तेही मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. मी त्या दिवशी परगावी होतो, आणि ते साडेचार तास गेले. हे लिहिताना आजही हात जड होतो. वाचणाऱ्याच्या घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर गाडी काढावी आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे.

सुरुवातीचे काही आठवडे तात्यांचा हात ओल्या कापडासारखा लुळा होता. मग तो हळूहळू आवळू लागला. घरच्यांना वाटले ताकद परत आली. मेंदूच्या डाव्या बाजूकडून निघणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाशी ओलांडून उजव्या बाजूला उतरतात, आणि तात्यांचे हे तंतू तुटले होते. त्यांच्याबरोबर, मज्जारज्जूला आवरून धरणारा वरचा लगामही गेला होता. मज्जारज्जूतली ताणाला उत्तर देणारी वाट मात्र शाबूत होती, आणि आता तिला अडवणारे कोणी नव्हते. अशा वेळी हातात बहुधा दुमडणारे स्नायू वरचढ ठरतात आणि पायात सरळ करणारे. म्हणून कोपर दुमडलेले, मनगट वळलेले, मूठ आवळलेली आणि पाय काठीसारखा, अशी ती ओळखीची चाल तयार होते.

तात्यांची ती मूठ मी जवळून पाहिली तेव्हा अंगठा आत अडकला होता, नखे तळव्यात रुतली होती आणि बोटांच्या बेचक्यातली कातडी दमटपणाने पांढरी पडली होती. आमच्या वहिनी रोज ती मूठ उघडायचा प्रयत्न करायच्या, बोटे धरून जोरात ओढायच्या, आणि मूठ अधिकच आवळायची. त्या म्हणायच्या, "तात्या ऐकतच नाहीत." तात्या ऐकत होते. आवळलेल्या स्नायूला झटका दिला की त्यातले संवेदक ताण आला असे कळवतात, आणि जितका जोराचा झटका तितके जोराचे उत्तर मिळते. तोच स्नायू अगदी सावकाश ताणला तर हे उत्तर पुष्कळ मंद येते. शिवाय बोटे मिटणाऱ्या स्नायूंचे मांस पुढच्या हातात, म्हणजे कोपराखाली आहे, आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटावरून बोटांकडे जातात. मनगट तळव्याच्या बाजूला वाकवले की या कंडरा आपोआप ढिल्या पडतात. वाचकाने आत्ता आपले मनगट आतल्या बाजूला पुरते वाकवून घट्ट मूठ आवळून पाहावी, आवळत नाही असे दिसेल. तालमीत पकड सोडवायला समोरच्याचे मनगट मुडपतात ते याच कारणाने.

म्हणून मी वहिनींना जे दाखवले ते असे. कोमट पाण्याच्या घमेल्यात हात थोडा वेळ ठेवायचा. मनगट खाली वाकवायचे. अंगठा टोकाला न धरता मुळाशी धरायचा आणि बाहेरच्या बाजूला हलकेच घ्यायचा. मग काहीही न ओढता थांबायचे. अर्ध्या मिनिटाने, कधी मिनिटाने बोटे मऊ पडू लागतात, तेव्हा ती मुळापासून एकेक उघडायची, आणि ती उघडी असतानाच मनगट सावकाश वर आणायचे. पहिल्या दिवशी आम्ही अशी मूठ उघडली तेव्हा तळव्यावर चार नखांच्या चंद्रकोरी उमटलेल्या होत्या. वहिनींनी कात्रीने नखे कापली, आणि तात्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

दरम्यान कोणीतरी त्यांना दाबायला रबरी चेंडू आणून दिला होता. पक्षाघात झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात मला हा चेंडू दिसतो, आणि देणाऱ्याची माया मला कळते, पण ज्या हातात मिटण्याचे बळ आधीच नको तितके आहे त्याला आणखी मिटायला लावून काय साधणार? तिथे उघडण्याचा सराव हवा. मनगट वर उचलणारे आणि बोटे सरळ करणारे स्नायू पुढच्या हाताच्या मागच्या बाजूला असतात, त्यांना रेडियल मज्जातंतू येतो, आणि अशा रुग्णांत ते बिचारे दुबळे आणि दबलेले असतात. म्हणून टेबलावर तळवा उपडा ठेवून बोटे उचलायला लावणे, पेला धरायला सांगण्यापेक्षा धरलेला पेला सोडायला सांगणे, असे व्यायाम मी देतो. तात्यांना डॉक्टरांनी पुढे पुढच्या हातात बोट्युलिनम विषाची सुईही दिली. हे विष धनुर्वाताच्या विषाचे सख्खे भावंड आहे, दोघांचे जंतू एकाच कुळातले आणि दोघांची काम करण्याची रीतही सारखीच. फरक इतकाच की धनुर्वाताचे विष वर मज्जारज्जूपर्यंत जाऊन लगाम तोडते, तर हे स्नायूजवळच थांबून ॲसिटिलकोलीन अडवते, म्हणजे हुकूमच पोहोचू देत नाही. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, आणि त्या तीन महिन्यांत उघडण्याचा सराव झाला तरच त्या सुईचा खरा उपयोग होतो.

तात्या आता काठी घेऊन अंगणात फिरतात. मी रविवारी गावी जातो, त्यांच्यासमोर न्हाणीच्या कट्ट्यावर बसतो आणि रिकामा तांब्या त्यांच्या उजव्या हातात देतो. धरणे त्यांना आता जमते. सोडणे कठीण जाते, कारण धरायचे थांबवा असे मनाने सांगितल्यावरही बोटांच्या स्नायूंतला आवळ काही सेकंद तसाच राहतो, आणि घाई केली की तो वाढतो. मी म्हणतो, "तात्या, अंग सोडा." ते माझ्याकडे पाहतात, त्यांचे वाक्य त्यांना ओळखू येते. गेल्या रविवारी त्यांनी श्वास सोडला, खांदा खाली आणला आणि तांब्याचा बूड कट्ट्यावर टेकवून मनगट आपणहून आत वाकवले. हे मी त्यांना शिकवलेले नव्हते, तालमीतल्या पकडीतून त्यांच्या हातालाच ते ठाऊक होते. मी मनात आकडे मोजत होतो. नवव्या आकड्याला करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचे बोट, आणि चौदाव्याला अंगठा. तांब्या कट्ट्यावर उभा राहिला. "परत दे," तात्या म्हणाले.